गप बस म्हटलं तर

काल दुपारी घरमालक काकांनी माझा बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बांधायचं काम) पाडला. तोही काळजीपोटी, त्यामुळे धड भांडताही येत नाही.

माझ्या खोलीवर पत्रे, काकांच्या हॉलमध्ये कूलर. मे महिन्यात नागपुरात एवढं कारण पुरतं. लॅपटॉप घेऊन खाली आलो, हा बिल्ड करणारं साधन, मेव्हन, सुरू केलं आणि ओळींचा पूर आला. काकांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"डाउनलोडिंग फ्रॉम सेंट्रल... काहून बे, हे सेंट्रल म्हणजे वर्धा रोडवरचं जेल तं नव्हे?"

"नाही काका, मेव्हन सेंट्रल. लायब्ररींचं, म्हणजे तयार कोडचं कोठार."

"मंग एवढं काहून बोंबलून राहिलं? एक पोतं आणलं, दोन पोती आणली! कळमन्याचे हमाल बी बरे."

बोलणं खोटं नव्हतं. सकाळीच साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "लॉग वाचत नाही का?" लॉग म्हणजे मेव्हन स्क्रीनवर ओततं त्या ओळी. वाचणार काय? झालेल्या प्रत्येक कामाची दवंडी, आणि बिघडलेली एक ओळ त्या गर्दीत कुठेतरी चेंगरलेली. मेक या 1976 सालच्या जुन्या बिल्ड-साधनातसुद्धा आज्ञेआधी ॲटचं चिन्ह टाकलं की ती आज्ञा स्क्रीनवर उमटत नाही. इथे मात्र बडबड फुकट आणि शांतता मागून घ्यायची.

मागितली. डॉट एमव्हीएन फोल्डरमधल्या मेव्हन डॉट कॉन्फिग फाइलीत डॅश क्यू लिहिलं. फक्त लायब्ररी उतरवण्याचा गोंगाट बंद करायला डॅश एनटीपी पुरे होतं, मेव्हन 3.6.1 पासून आहे ते. पण रागात माणूस मोजून मापून थोडीच लिहितो! क्यू म्हणजे चुका सोडून सगळं गप. शेवटी येणारं "बिल्ड सक्सेस"सुद्धा नाही.

स्क्रीन काळी. कर्सर तेवढा लुकलुकत होता.

"बंद पडलं?"

"चालू आहे काका."

"आवाज नाई, हालचाल नाई, म्हणे चालू आहे. कूलरचा पंप असाच गप झाला होता मागच्या साली. जळला!"

मी पाणी प्यायला उठलो. परत येतो तर काका राऊटरजवळ, बटणावर बोट. "बंद करून चालू केलं. होते आता."

स्क्रीनवर चार-पाच लाल ओळी. कुड नॉट ट्रान्सफर आर्टिफॅक्ट, म्हणजे लायब्ररी आणता आली नाही. वायफाय काकांचं, कूलर काकांचा, मी काय बोलणार?

काका मात्र खूश. "पाय, बोललं की नाई!"