प्रत्येक जुनी गाडी रोल्स रॉईसच का हो?

जुन्या फोटोतली गाडी ओळखून द्या म्हणून लोक मला फोटो पाठवतात, आणि आमच्या खान्देशात जुन्या फोटोत चार चाकं दिसली की ती रोल्स रॉईसच असते. पणजोबा अमळनेरचे कापसाचे व्यापारी, मग दुसरं काय असणार? अहो, रेडिएटरवरचा तो बो-टायच्या आकाराचा बिल्ला दिसतोय ना? शेवरलेट आहे ती! पण शेवरलेट म्हटलं की काकूंचा चेहरा असा पडतो, जणू मी सातबाऱ्यावरून त्यांचं नावच खोडलं.

दुसरी जमात अँबॅसिडरवाल्यांची. फोटो म्हणे काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाच्या वेळचा, म्हणजे १९३६चा, आणि गाडी अँबॅसिडर! भो, ती १९५७च्या आधी नव्हतीच.

"काळी आहे, म्हणजे फोर्ड." दादा, फोटोच काळा-पांढरा आहे! त्यात केळीचे घडसुद्धा काळेच दिसतात.

गाडी ओळखायची तर रेडिएटर दिसायला हवा, हबकॅप दिसायला हवी, दिवे कुठे बसवलेत ते कळायला हवं. आणि नेमकं तिथे कोण उभं? मामा! धोतर सावरून, बरोब्बर बिल्ल्यावर हात ठेवून. अख्खी गाडी मोकळी होती ना मामा? त्यात हा फोटोचा फोटो, काचेवर ट्यूबलाइटचा पट्टा, उरलेल्या जागेत 'शुभ सकाळ'. वरून हुकूम: "मॉडेल आणि साल सांगा पटकन." कशावरून सांगू, मागच्या अर्ध्या चाकावरून?

एवढं डोकं फोडून सांगावं, तर पुढचा प्रश्न तयार: "आता विकली तर किती येतील?"

गाडी आहे कुठे?

"ती? ती तर केव्हाच भंगारात दिली."