सोफ्यावरच्या फवारणीने घर आगीपासून सुरक्षित होत नाही

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मजकूर तिघांनी पाठवला. मार्च २०२१ मध्ये कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला लागलेल्या आगीची आठवण देऊन त्यात सुचवले होते की, सोफा, गाद्या आणि पडद्यांवर आगरोधक रसायनाची प्रक्रिया करून घ्यावी. तसे केल्यास आगीची भीती उरत नाही, रसायन फोममध्येच बंदिस्त राहते, घातक रसायने केव्हाच बंद झाली आहेत आणि याला विरोध करणारे लोकांच्या जिवाशी खेळत आहेत. आगीची भीती रास्त आहे. मजकुरातले चारही दावे मात्र तपासून पाहायला हवेत.

भीती उरत नाही, हा पहिला दावा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७५ मध्ये असा नियम केला की, फर्निचरमधील फोमने लहान ज्योतीसमोर १२ सेकंद टिकाव धरला पाहिजे, आणि तो पाळण्यासाठी उत्पादक फोममध्ये ही रसायने मिसळू लागले. परंतु प्रत्यक्षात आधी पेटते ते वरचे कापड, आणि ज्वाला फोमपर्यंत पोहोचते तेव्हा ती चाचणीतल्या ज्योतीपेक्षा कितीतरी मोठी झालेली असते. म्हणूनच त्या राज्याने पुढे नियम बदलला आणि २०१५ पासून तेथे ज्योतीऐवजी धुमसण्याची चाचणी लागू झाली, जी फोममध्ये रसायन न घालताही पार करता येते. शिवाय आगीत बहुतेक माणसे भाजून नव्हे, तर धुराने दगावतात, आणि ब्रोमीन किंवा क्लोरीनयुक्त रसायने ज्वलन अर्धवट ठेवत असल्याने काजळी व कार्बन मोनॉक्साइड वाढवतात.

रसायन बंदिस्त राहते, हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. फोममध्ये मिसळलेली अशी बरीचशी रसायने त्याच्याशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. ती हळूहळू बाहेर पडून घरातल्या धुळीत मिसळतात. आमच्या जुन्या सोफ्याची शिवण उसवली, तेव्हा खाली पिवळसर भुगा साचलेला दिसला, आणि भाचीची दहा महिन्यांची मुलगी रांगत नेमकी तिथेच जाऊन तो हात तोंडात घालत होती. त्या फोममध्ये काय मिसळले आहे, हे दुकानदारालाही सांगता आले नाही. पीबीडीई या ब्रोमीनयुक्त आगरोधकांच्या गटातील रसायनांची रचना थायरॉइडच्या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते, आणि गर्भावस्थेतील त्यांच्या संपर्काचा मुलांच्या घटलेल्या बुद्ध्यंकाशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

घातक ती बंद झाली, हे अर्धसत्य आहे. दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीबीडीई गटातले पेंटाबीडीई २००९ मध्ये आणि डेकाबीडीई २०१७ मध्ये आले. भारतानेही २०१८ च्या नियमांनी या गटातील काही रसायनांवर बंदी घातली. पण पेंटाबीडीईच्या जागी अमेरिकेत सर्रास वापरात आले ते क्लोरिनेटेड ट्रिस हे क्लोरीनयुक्त आगरोधक, जे १९७० च्या दशकातच मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतून काढून टाकावे लागले होते.

विरोधकांवरच्या आरोपाबाबत एवढेच सांगतो की, आगरोधक गुणधर्म सर्वत्र निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. विजेच्या तारांचे आवरण ज्वालारोधक आणि कमी धूर करणारेच असावे, आणि टीव्हीतल्या सर्किट बोर्डमध्ये तर असे रसायन सहसा बोर्डाच्या प्लास्टिकसारख्या रेझिनशी रासायनिक बंधाने जोडलेले असते. प्रश्न आहे तो आपण ज्यावर झोपतो, बसतो आणि लेकरांना खेळवतो त्या वस्तूंचा. फवारणीचा खर्च जुने वायरिंग बदलणे, योग्य क्षमतेचा एमसीबी बसवणे, धूर ओळखणारा अलार्म लावणे आणि गॅसची रबरी नळी मुदतीत बदलणे यांवर केला, तर ठिणगी पडण्याची शक्यताच कमी होते आणि पडलीच तर बाहेर पडायला वेळ मिळतो. कसबा पेठेत माझी मावशी लाकडी माड्यांच्या जुन्या वाड्यात राहते. तिच्याकडे गीझर आणि इस्त्री एकाच मल्टिप्लगवर चालत होती, आणि देवघरातल्या समईपासून वीतभर अंतरावर नायलॉनचा पडदा लोंबत होता. गेल्या रविवारी आम्ही गीझरसाठी वेगळी लाइन ओढून घेतली आणि तो पडदा काढून टाकला.