बाकीची गाणी भरतीची नव्हती
लेखात म्हटलंय की कॅसेटच्या काळात लोक एका हिट गाण्यासाठी अल्बम घ्यायचे आणि बाकीची गाणी नुसती भरती असायची, हे अजिबात पटलं नाही. फक्त हिट गाणीच हवी असती तर ६० मिनिटांची कोरी कॅसेट देऊन दुकानातून हवी ती गाणी भरून घेता यायची की, सगळे करायचेच ते. मी ‘गारवा’ अल्बमची कॅसेट चोपड्याहून एसटीने जळगावला जाऊन आणली, टायटल साँगसाठीच, खरंय, पण फॉरवर्ड दाबलं की रीळ अडकायची भीती, मग साईड ए पूर्ण ऐकायची, पलटवायची, साईड बी. असं करता करता सौमित्रच्या कविता पाठ झाल्या, मिलिंद इंगळेंच्या गाण्याआधी त्या ओळी सुरू झाल्या की कपाशी वेचून दमून आलेली आई पण हातातलं काम थांबवून ऐकायची. आता मोबाईलवर शफल लावलं की तो क्रमच जातो, जीव हळहळतो.

आणि अहिराणी, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीतल्या गाण्यांच्या कॅसेटींचं नावच नाही लेखात! आमच्याकडे लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत त्याच वाजायच्या, दोन्ही बाजू, पूर्ण.