दुसऱ्याचं अर्पण आपण करायचं नसतं

“देवाने दिलेला क्रूस आहे, निमूट वाहा.” नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला कुणी हे ऐकवलं की माझा जीव तळमळतो. सांगणाऱ्याला वाटतं, आपण श्रद्धेचं बोललो. पण कॅथलिक शिकवण हे म्हणत नाही, आणि ते स्पष्टपणे सांगायला हवं.

या बोलण्यामागे क्रूसावरच्या येशूच्या बलिदानाचं एक चित्र आहे, अनेकांच्या मनात घट्ट बसलेलं. देवपिता रागावलेला आहे आणि त्याचा राग शांत व्हावा म्हणून पुत्र येशू रक्त सांडतो. बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान उघडून पाहा. तिसऱ्या अध्यायात देवाने जगावर प्रीती केली म्हणून पुत्र दिला, असं आहे. म्हणजे प्रीती आधीची, क्रूस नंतरचा. दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझा प्राण कुणी हिरावून घेत नाही, मी तो स्वतःहून देतो. पाप किरकोळ आहे, असा याचा अर्थ नव्हे. ख्रिस्ताने आपल्या पापांचं प्रायश्चित्त केलं, ही चर्चची ठाम शिकवण आहे. पण त्या बलिदानाला मोल आलं ते शेवटपर्यंत केलेल्या प्रीतीमुळे, असं १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. नुसत्या वेदनेला तो हे मोल देत नाही.

मिस्साबलिदानात, म्हणजे वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या कॅथलिक उपासनेत, हेच घडतं. प्रभूला तिथे पुन्हा मारलं जात नाही. ख्रिस्ताने स्वतःला ‘एकदाच’ अर्पण केलं, हे बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात ठासून सांगितलंय. १५६२ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणजे चर्चच्या बिशपांच्या सभेने, शिकवलं की वेदीवर अर्पण होणारा आणि अर्पण करणारा तोच ख्रिस्त आहे, फक्त अर्पणाची रीत निराळी. क्रूसावरचं ते एकच अर्पण आपल्यासमोर येतं आणि आपल्याला त्यात सामील करून घेतलं जातं.

मिस्सातल्या अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू चषकातल्या द्राक्षारसात थोडंसं पाणी घालतात, ते नीट बघा. सोबतची प्रार्थना बहुधा हळू आवाजात होते, त्यामुळे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी लिहिलं की पाणी म्हणजे लोक आणि द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचं रक्त. एकदा मिसळले की ते वेगळे करता येत नाहीत. त्या थेंबात आपण असतो, आपल्या थकव्यासकट, आजारपणासकट. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ मध्ये हेच उलगडून सांगितलं. सामान्य भाविकांचं रोजचं काम, संसार, विश्रांती, धीराने सोसलेले कष्ट, हे सगळं मिस्सात प्रभूच्या शरीरासोबत पित्याला अर्पण होतं. विश्रांतीसुद्धा! मला हे फार लोभस वाटतं.

आता संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचं बघा. १९४१, नाझींची आऊशविट्झची छळछावणी. कोल्बे तिथे कैदी होते. एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. त्यातला फ्रान्सिशेक गायोव्निचेक बायकोमुलांच्या आठवणीने रडू लागला. कोल्बे रांगेतून पुढे आले, आपण कॅथलिक धर्मगुरू असल्याचं सांगितलं आणि त्याची जागा मागून घेतली. १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारलं. १९८२ मध्ये त्यांना संतपद मिळालं, तेव्हा गायोव्निचेक तिथे हजर होते.

कोल्बे पुढे आले, कुणी त्यांना ढकललं नाही. त्यांनी स्वतःचा जीव दिला, दुसऱ्याला ‘तू जा’ म्हटलं नाही. मार खाणाऱ्या बाईला घरी परत पाठवणारा मात्र स्वतःचं काहीच देत नसतो. तिचं आयुष्य तो परस्पर वेदीवर ठेवतो. त्याला तो हक्क कुणी दिला? तिने आपलं दुःख प्रभूला अर्पण केलं, तर ते तिच्या आणि प्रभूच्या मधलं. ते अर्पण करूनही ती घर सोडू शकते, पोलिसांत जाऊ शकते. त्याने श्रद्धा उणी होत नाही.

पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ मध्ये दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर पत्र लिहिलं. आपलं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडता येतं, हे त्यात फार खोलवर मांडलंय. आणि त्याच पत्रात एक अख्खा भाग येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यावर आहे, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या प्रवाशावर. तो शोमरोनी जखमी माणसाला सहन करायला सांगत नाही. जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही स्वतः भरतो.