लोअर परळचं गाणं कुणी बंद केलं?

विषय केतनने काढला, आणि नेहमीप्रमाणे चुकीच्या माणसासमोर काढला. "ब्लू फ्रॉग क्लब गेल्यापासून मुंबईत समोर बसून गाणं ऐकायला लहान जागाच उरली नाही," तो म्हणाला. शेजारी आप्पा बसले होते. आप्पांची उमेदीची वर्षं गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवण्यात गेली, 1982 च्या गिरणी संपापर्यंतची.

"कुठे होतं रे तुझं ते बेडूक?"

"लोअर परळला, मथुरादास मिल कंपाउंडमध्ये."

"मिल म्हणालास ना? मग आधी तिथे काय वाजत होतं तेही सांग की."

केतनला टोला समजला, पण तो हटणाऱ्यातला नाही. ब्लू फ्रॉग 2007 साली सुरू झालं, 2016 मध्ये बंद पडलं. काढणाऱ्यांत आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर होते, म्हणजे स्वतः वाजवणारी माणसं, आणि ते तिथे शिरल्याशिरल्या जाणवायचं, असं त्याचं म्हणणं. बसायला गोल गोल कप्पे, मागचा कप्पा पुढच्यापेक्षा उंच, त्यामुळे कुठेही बसा, ड्रमरचे हात दिसणार. "हॉटेलात कोपऱ्यात बँड ठेवतात तसं नव्हतं ते. तिथे लोक बँडसाठी यायचे."

"बँडसाठी?" शिल्पा उसळली. "अरे, मी पण यायचे. अर्धी पब्लिक स्टेजकडे पाठ करून गप्पा मारायची. एखाद्या पोराने जीव तोडून स्वतःचं गाणं म्हणावं आणि बाजूच्या टेबलवर फ्लॅटच्या डाऊन पेमेंटचा हिशोब चाललेला असावा. सगळा खर्च बारवर निघायचा. दारू खपली तर गाणं."

"बरं मग? हनुमान थिएटरला काय लोक तुळशीचा काढा पिऊन येत होते?"

हे केतनने बोलायला नको होतं. परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या, तमाशाच्या न्यू हनुमान थिएटरबद्दल आप्पांसमोर कुणी हलकं बोलत नाही. पुढची दहा मिनिटं मग आप्पांचीच. पहिली पाळी सुटायची, माणूस खोलीवर जाऊन तोंड धुवायचा, खाणावळीत जेवायचा आणि तिकीट काढायचा. गण, गवळण, बतावणी, मग वग. ढोलकीवाल्याने सूर लावला की मागच्या बाकावरून पहिली शिट्टी. लावणीत बाईने अदा धरून ठेवली की थिएटर श्वास रोखायचं, आणि ढोलकी समेवर आपटली की फेटे वर. "आणि गप्पा मारणारा असला ना, तर पुढचा माणूस मागे वळून फक्त बघायचा. तेवढं पुरे व्हायचं."

"पण आप्पा, गावाकडून आलेल्या बायकांना तिथे काय सोसावं लागायचं, तेही बोला," शिल्पा म्हणाली. आप्पा जरा गप्प झाले. "ते होतंच," म्हणाले. शिल्पाने लावून धरलं नाही. मला वाटतं धरायला हवं होतं. जुन्या जागांच्या आठवणी काढताना बाकावर बसलेलाच बोलतो, स्टेजवर उभी असलेली बोलत नाही.

मी मध्ये गिरगावचं काढलं. आमच्या घरात लक्ष्मीबागेच्या मैफलींच्या गोष्टी अजून निघतात. जाजमावर मांडी घालून बसायचं, चपला जिन्यावर, आणि गवयाला तिसऱ्या रांगेतल्या माणसाची मान हललेली दिसायची. प्रोफेसर देवधरांच्या संगीत विद्यालयात तर मोठमोठे गवई येऊन गायचे, आणि कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या पोरांत लहानगा कुमार गंधर्व असायचा. एवढ्याशा खोलीत एक पिढी गाते आणि दुसरी ऐकता ऐकता तयार होते, हे हजार खुर्च्यांच्या सभागृहात होत नाही.

"हे सगळं संपवलं ते रात्री दहाच्या नियमाने," केतन म्हणाला. "2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. दहानंतर भोंगा, म्हणजे लाउडस्पीकर, बंद. रंगभवन बघ. धोबीतलावचं खुलं नाट्यगृह, 1978 पासून जॅझ यात्रा महोत्सव, मग रॉकवाल्यांचा इंडिपेंडन्स रॉक. शेजारी कॉलेज, जवळ हॉस्पिटलं. शांतता क्षेत्र. खेळ खलास."

"रंगभवन लहान कुठे होतं? आणि लक्ष्मीबागेत भोंगा कुठे होता?" शिल्पा.

इथे ती बरोबर होती. गणपतीतल्या रात्रभराच्या मैफली नियमाने आटोपत्या घेतल्या, हे खरं. सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देता येते, पण पहाटे मैफल संपवणाऱ्या भैरवीला मध्यरात्र काय कामाची? तरी हनुमान थिएटरच्या मरणाचं खापर नियमावर फुटत नाही.

"संपात अडीच लाख माणूस घरी बसलं," आप्पा म्हणाले. "कोण गावाला गेलं, कोण विरार, कोण डोंबिवली. खेळ सुटल्यावर पायी घरी जाणारं माणूसच उरलं नाही. रात्री शेवटची गाडी पकडायची असली की माणसाचा एक डोळा घड्याळावर. अर्धा वग सोडून उठणाऱ्यासाठी कोण थिएटर चालवणार?"

"ब्लू फ्रॉगला लोक बांद्र्याहून, ठाण्याहून यायचे."

"म्हणून नऊ वर्षांत आटपलं."

यावर केतनकडे उत्तर नव्हतं. मला मात्र आप्पांचा मुद्दा तिथेही अर्धाच लागू वाटतो. जमिनीच्या भावापुढे पायी येणारेही टिकत नाहीत. परळचं दामोदर घ्या. शंभरी गाठलेलं नाट्यगृह, कोकणातलं नमन, जाखडी, भजनाची डबलबारी सगळं तिथे व्हायचं आणि प्रेक्षक पुष्कळसा आसपासच्या चाळींतला. 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद केलं तेव्हा कलावंत रस्त्यावर उतरले. प्रेक्षक होता, कलावंत होते, तरीही कुलूप लागलंच.

"वर्गणीवर चालणारं टिकतं," शिल्पा म्हणाली. "शास्त्रीय मैफली करणारं दादर-माटुंगा कल्चरल सेंटर बघ, अजून चालू आहे."

"तिथे गिटार घेऊन गेलेल्या पोराला कोण उभं करेल?" केतन म्हणाला. " शास्त्रीयवाल्यांना म्युझिक सर्कलं आहेत, लावणीला सरकारी महोत्सव आहेत. ज्याला अजून नीट वाजवता येत नाही, त्याने वाईट वाजवायचं कुठे, पन्नास माणसांसमोर?"

प्रश्न रास्त होता. आप्पांनीही मान हलवली. मग म्हणाले, "तुमच्या टॉवरला खाली हॉल आहे ना? गिरणीच्याच जागेवर आहे टॉवर. द्या की महिन्यातून एक रात्र."

"कमिटी नाही देणार."

"कमिटीत कोण आहे?"

केतन चहा प्यायला लागला. शिल्पा हसत म्हणाली, "आप्पा, गेल्या गणपतीत बाजूच्या चाळीच्या भजनाविरुद्ध पोलिसांना फोन कुणी केला होता, विचारा याला."

"साडेअकरा वाजले होते," केतन म्हणाला, "आणि पखवाज सुरात लावलेलाही नव्हता."