आत्मा आमचा, लाड त्यांचे?

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चालू आहे. वहिनी मुलांना नवऱ्यावर सोडून दोन-चार दिवस एकटी दापोलीला जाऊन राहिली आणि 'थोडं सेल्फ-केअर' असं लिहून समुद्राचा फोटो टाकला, एवढंच. काकांनी लगेच फर्मान काढलं की ही पाश्चात्त्य थेरं आहेत, त्या लोकांना आत्मा ठाऊक नाही म्हणून देहाचे लाड करत बसतात, ते ग्रीक-रोमन तर नुसते खा-प्या-मजा करा, आपल्याकडे त्याग. त्यावर भाच्याने मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाचं रील टाकलं, काळ्या बॅकग्राउंडवर दगडी पुतळा, खाली पहाटे पाचला थंड पाण्याने आंघोळ करा आणि कुणाची पर्वा करू नका. मी व्हिएन्नात सकाळी ट्राममध्ये हे वाचते आणि दोघांवरही डोकं फिरतं.

आधी काकांचं बघू. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला झाला, तेव्हा तो अथेन्सच्या लोकांना काय म्हणाला? की पैसा, नाव, मान यांची एवढी काळजी करता आणि जिवाचं काय चाललंय ते बघत नाही, लाज नाही वाटत? हे खा-प्या-मजा करा आहे का? प्लेटोच्या नावावर एक संवाद आहे, त्यात अल्किबियाडीस नावाचा देखणा, श्रीमंत, राजकारणात उडी मारायला निघालेला पोरगा आहे. सॉक्रेटिस त्याला म्हणतो, चांभार वेगळा आणि त्याची रापी वेगळी, तसा शरीर वापरणारा वेगळा आणि शरीर वेगळं, मग तू नक्की काळजी कशाची घेतोयस, स्वतःची की स्वतःच्या सामानाची? आणि हे कळण्याआधी शहर चालवायला निघालास? म्हणजे जिथे 'स्वतःची काळजी' हा विषय निघतो तिथे तो लोकांचा कारभार हाती घेणाऱ्या माणसासाठी निघतो. शिवाय डोळ्याला स्वतःला बघायचं तर दुसऱ्याच्या डोळ्यात बघावं लागतं, हेही तिथेच आहे. एकट्याचं काम नाहीच ते.

बरं, 'त्यांना आत्मा नव्हता' हे तरी धड खरं असावं? एपिक्युरस नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ म्हणायचा की आत्मा अणूंचाच, माणूस मेला की विखुरतो, संपलं. प्लेटोवाले म्हणायचे अमर आहे. भांडण अगदी आपल्या चार्वाक-वेदान्तासारखं. पण गंमत अशी की काळजी घ्या हे दोघंही सांगतात, एपिक्युरस तर लिहितो की जिवाच्या आरोग्याला हात घालायला कोणी फार लहान नसतो न फार म्हातारा. त्याची शाळा बागेत भरायची, त्या मंडळीत बायका आणि गुलामही होते. खाण्याचं म्हणाल तर भाकर-पाण्यावर खूश असणारा माणूस, त्याच्या नावावर लोकांनी मेजवान्या खपवल्या. आणि काकांना खूश करायला प्लेटोच्या वळणाचा तत्त्वज्ञ प्लोटायनस आहेच. भारतीय आणि पर्शियन तत्त्वज्ञान समजून घ्यायचं म्हणून २४३ साली हा रोमन सम्राटाच्या सैन्याबरोबर पूर्वेकडे निघाला, सम्राटच मेला, हा जीव वाचवून कसाबसा अँटिओकला पोचला. पुढे त्यानेच लिहिलं की आत बघ, सुंदर दिसत नसेल तर मूर्तिकार करतो तसं नको ते छिलत जा, थांबू नकोस. यात लाड कुठे आले?

आता भाचा. मार्कस ऑरेलियस स्वतःसाठी टिपणं लिहायचा, त्या वहीच्या एका भागावर 'कार्नुन्टुममध्ये' असं लिहिलंय, म्हणजे व्हिएन्नाजवळच्या जुन्या रोमन गावात. मी तिथे एस-सेव्हन लोकलने जाते, विमानतळाच्या पुढे, रविवारी गाडी रिकामीच असते. शेतात हायडेनटोर ही रोमन काळातली वेस उभी आहे, दोन दगडी खांब आणि वर अर्धवट कमान, भोवती वारा आणि पवनचक्क्या. (लोक तिला पेगनांची, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांची, वेस म्हणत आलेत, बांधली मात्र ख्रिस्ती सम्राटाच्या काळात, असो.) पलीकडे डॅन्यूब, त्यापलीकडे तेव्हा मार्कोमानी आणि क्वाडी या शत्रू टोळ्या, इकडे सैन्य आणि साम्राज्यभर साथीचा रोग. त्या गडबडीत हा माणूस स्वतःलाच 'तू' म्हणून झापत बसायचा, आपल्या मनाच्या श्लोकांत मनाला दटावलंय ना तसंच. सकाळी स्वतःला सांग, आज लुडबुडे, कृतघ्न, उर्मट लोक भेटणार, पण ते तुझे नातेवाईकच आहेत, हातापायांसारखे एकमेकांना धरून काम करायला जन्मलोय. कुणाची पर्वा करू नका कुठे आहे यात? रील बनवणाऱ्याने पुढची ओळ वाचलीच नाही. आणि लोक डोंगरात, समुद्रकिनारी एकांत शोधतात, तू तर कधीही स्वतःच्या आत जाऊ शकतोस, हेही तोच म्हणतो. पण लगेच पुढे, जा, ताजा हो आणि परत ये कामाला.

सेनेका या दुसऱ्या रोमन तत्त्वज्ञाचं मला जास्त आवडतं. रात्री दिवा नेला की, बायकोलाही सवय माहीत असल्यामुळे ती गप्प झाली की, हा पूर्ण दिवसाचा हिशोब काढायचा. त्या वादात तू फार तावातावाने बोललास, त्या माणसाला समजवायला गेलास आणि दुखावून आलास, आज माफ करतो, पुन्हा करू नकोस. आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने हे रोज करावं, ग्रुप आठवड्यात शांत होईल.

इथे माझी ऑफिसातली कलीग गुडघ्याच्या कुरकुरीवर तीन आठवडे कूरला, म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेल्या आरोग्य-मुक्कामाला, जाते, चिखलात झोपते, खर्च विम्यातून, नवरा मुलं बघतो, आणि एक माणूस त्याग हा शब्द काढत नाही. वहिनीला मात्र दापोलीसाठी कोर्टात उभं केलंत. आता ही कलीग परत येऊन रात्री हिशोब बिशोब काढत नाही, हे मला माहितीये, पण ते काकांना सांगायची मला गरज वाटत नाही.

मार्कस आणि सेनेका ज्या स्टोइक पंथाचे, त्यातलाच आणखी एक हिएरोक्लीस म्हणून होता. त्याचं म्हणणं, माणसाभोवती वर्तुळं असतात, मधे आपण, मग घरचे, मग भावकी, गाव, शेवटी सगळी माणसं, आणि बाहेरच्यांना रोज थोडं आत ओढायचं. चुलतभावाला भाऊ म्हणा, काकाला बाप म्हणा. हे वाचून मी एकटीच हसले, आम्हाला हे शिकवायला स्टोइक कशाला पाहिजे. पण माझ्या जिन्यात समोर राहणारी आजी अजून फक्त ग्रुस गॉट, म्हणजे नमस्कार, एवढंच म्हणते आणि मीही तेवढंच, आणि घरची, तिकडे भारतातली वर्तुळं फोनच्या स्क्रीनएवढी झालीयेत. मार्कसचे लुडबुडे नातेवाईक निदान त्याच्या दारात यायचे.

सेनेकाला ४१ साली कॉर्सिकाला हद्दपार केलं. तिथून आईला पत्र लिहिलं की माझी काळजी करू नकोस, माणूस कुठेही गेला तरी आकाश तेच असतं आणि स्वतःचं शील बरोबर येतं. मीही आईला दर रविवारी साधारण हेच सांगते, फक्त आकाशाच्या जागी हीटिंग. आणि हाच सेनेका नंतर सम्राटाच्या माणसाला, पॉलीबियसला, लांबलचक लोणी लावणारं पत्र लिहितो, कशासाठी तर परत बोलवा म्हणून. विद्वान लोक त्याला यावरून ढोंगी म्हणतात. ४९ साली बोलावणं आलं, नीरोला, म्हणजे पुढे क्रूर सम्राट म्हणून गाजलेल्या पोराला, शिकवायचं म्हणून, आणि हा गेला. मला नाही राग येत त्याचा. मीही गेले असते, शिष्य कोण आहे हे न विचारता.