बालादेवीला उशीर कुणी केला?

परवा संध्याकाळी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरची मॅच सुटल्यावर मिरजकर तिकटीला आमचा कट्टा भरला. मॅचमधल्या हुकलेल्या पेनल्टीवर बोलणं चाललं होतं, आणि मी मध्येच पुतणीचा विषय काढला. चौदा वर्षांची आहे, फॉरवर्ड खेळते, डाव्या पायाची. म्हटलं, ही पोरगी उद्या परदेशातल्या क्लबात खेळताना बघायची आहे मला.

बापूनं लगेच मोडता घातला. "बालादेवी गेली न्हवं ग्लासगोला? काय झालं? हितं एका लीगमध्ये २६ गोल मारणारी बाई तिथं बेंचवर बसली. मणिपूर पोलिसातली पक्की नोकरी, भारताची कॅप्टन राहिलेली, गावात मान. कशाला जायचं मरायला थंडीत?"

बापूला फुटबॉल कळत नाही असं कुणी म्हणणार नाही. पंधरा वर्षं पेठेच्या संघात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलाय, दोन्ही गुडघे त्यातच गेलेत. म्हणून त्याचं बोलणं जास्त लागलं.

मास्तर शाळेत खेळ शिकवतात, त्यांना तारखा तोंडपाठ. "बापू, नीट बघ. २०१९ च्या नोव्हेंबरात ट्रायल, २०२० च्या जानेवारीत ग्लासगोच्या रेंजर्स क्लबशी दीड वर्षाचा करार. मार्चमध्ये कोरोनानं लीगच बंद पाडली. अनोळखी देशात, घरात कोंडून घेऊन बसली ती. आणि तरी ६ डिसेंबरला मदरवेलविरुद्ध बदली म्हणून उतरून गोल केला."

"नऊ-शून्यची मॅच हुती ती. नवातला एक गोल."

"एक का होईना. करार झाला तेव्हा वय किती होतं तिचं?"

बापू गप्प. मी म्हटलं, तीस. चार दिवसांनी तीस पूर्ण होणार होती.

मला बोलायचं होतं ते हेच. तिशीतल्या फॉरवर्डला नवा देश, नवी भाषा, नवा वेग, सगळं एकदम शिकायला लावायचं आणि मग गोल मोजत बसायचं, हा अन्याय आहे. इथं बॉल पायात घेऊन वळायला तिला वेळ मिळायचा. तिथं बॉल यायच्या आधीच मागचा डिफेंडर अंगाला भिडलेला असतो. कुठं वळायचं ते आधीच ठरलेलं पाहिजे. ही सवय सोळा-सतराव्या वर्षी लागते. बालादेवी त्या वयाची होती तेव्हा आपल्याकडे मुलींची राष्ट्रीय लीगसुद्धा नव्हती. ती सुरू झाली २०१७ च्या जानेवारीत, तेव्हा ही बाई २७ ला टेकलेली.

"मनीषा कल्याण बघ," मी म्हटलं. "होशियारपूरकडच्या खेड्यातली पोरगी. २०२१ च्या नोव्हेंबरात मनाउसला ब्राझीलविरुद्ध आठव्या मिनिटाला गोल. वीस वर्षांची असताना सायप्रसच्या अपोलोनकडे गेली. मग ग्रीसचा पाओक, मग पेरूतला अलियान्झा लिमा. एकाच वर्षात परत आली नाही."

"ब्राझीलची ती मॅच सहा-एकनं हरली आपण."

"हरलो की. पण तो एक गोल कुणी दिला नव्हता, तिनं पळून काढला होता."

मास्तरांनी मग २०२२ च्या ऑगस्टची गोष्ट काढली, आणि तिथं बापूसुद्धा पुढं सरकून बसला. फिफानं आपल्या महासंघावर बंदी घातली त्याच आठवड्यात गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. भारतातली लीग जिंकून गेलेला संघ. बंदीमुळं एकही मॅच न खेळता परत आला. आणि मनीषा, जी काही महिन्यांपूर्वी त्याच गोकुलमची होती, ती १८ ऑगस्टला सायप्रसमध्ये अपोलोनकडून रिगाच्या संघाविरुद्ध युरोपातल्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. पहिली भारतीय. कारभाऱ्यांच्या भानगडीची शिक्षा ताश्कंदच्या मुलींनी भोगली. मनीषा क्लब बदलून गेली होती म्हणून सुटली. परदेशी जायचं ते पैशासाठी किंवा नावासाठीच असं नाही, हे मला त्या आठवड्यानं शिकवलं.

बापू बराच वेळ कपातला चहा हलवत राहिला. मग म्हणाला, "बरं, तुझी पोरगी वर्षात मॅच किती खेळली?"

"सहा."

"सहाच?"

सहाच. शाळेच्या चार, बाहेरच्या दोन. बाकी वेळ ती आमच्या बोळातल्या भिंतीवर किक मारते. गुडघ्याएवढ्या उंचीवर चुना निघून परातीएवढी जागा उघडी पडलीय. मी रागावलो तर म्हणाली होती, "काका, मग मी कुणासंगं खेळू? भिंत तरी बॉल परत देते." ऐकून मला पुढं बोलता आलं नव्हतं. हाच पेठेतला मुलगा असता तर एव्हाना त्याला कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघानं उचलला यावर भांडणं झाली असती.

"आमच्या ज्युनिअर पोरांच्या प्रॅक्टिसला पाठव उद्यापासनं," बापू म्हणाला. "सकाळी सहाला."

"प्रॅक्टिस होईल," मास्तर म्हणाले, "मॅच कुठून आणणार? स्पर्धेत पोरांच्या संघात तिला नाही घेणार कुणी. समोर मुलींचाच संघ पाहिजे."

यावर परत जुंपली. बापूचं म्हणणं, पोरांत खेळली की अंग घट्ट होतं. मास्तरांचं म्हणणं, सरावानं फॉरवर्ड घडत नाही, मॅचमध्ये गोल चुकवून घडतो, वर्षाला तीस-चाळीस मॅच हव्यात. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी मास्तरांनी मोबाईल काढला आणि आम्ही ओळखीतल्या खेळणाऱ्या मुली मोजायला लागलो. मंगळवार पेठेतल्या तीन, शिवाजी पेठेतल्या दोन बहिणी, फुलेवाडीची एक, राजारामपुरीतल्या दोन. पुतणी धरून नऊ भरल्या.

"ह्यात गोली कोण हाय?" बापू विचारत होता.